तिसरं अपत्य

सरपंच व्हायचं तर दोनच लेकरं लागतात. तिसरं झालं की माणूस उमेदवारीतून बाद. हा कायदा माझ्या बापाला माझ्या जन्माआधीपासून पाठ होता. म्हणून मी जन्मले त्याच आठवड्यात त्याने मला भिंतीपलीकडे धाकट्या भावाला देऊन टाकलं आणि जन्मदाखल्यावर बाप म्हणून कचरूचं नाव लावून घेतलं. तेव्हापासून इंद्रभान माझे मोठे बाबा आणि जिने मला जन्म दिला ती जयवंताबाई माझी मोठी आई. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं, कारण पंचायतीत प्रत्येकाचं काही ना काही काम अडलेलं असतं.

कचरूबाबांनी मला काही कमी पडू दिलं नाही, माझा राग त्यांच्यावर नाही. राग आहे तो सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभं राहून "सुखी घर बघायचं असंल तर माझ्या घरी या, दोनच लेकरं हायेत," असं भाषण ठोकणाऱ्या माणसावर. खाली पोरींच्या रांगेत मी टाळ्या वाजवायचे.

अठरा पूर्ण झाली तेव्हा मतदारयादीत नाव घ्यायला बीएलओ मॅडम घरी आल्या. वडिलांच्या रकान्यात मी 'इंद्रभान' लिहिलं. मोठे बाबा ओट्यावरच बसले होते. त्यांनी फॉर्म हातात घेऊन वाचला, टराटरा फाडला आणि हसत म्हणाले, "मॅडम, दुसरा द्या. पोरीचं ध्यान न्हाई." दुसऱ्या फॉर्मवर कचरूबाबांचं नाव गेलं. पुढे पहिलं मत दिलं तेव्हा माझ्याबरोबरची पोरं शाईच्या बोटाचे फोटो स्टेटसला टाकत होती. मी बोट मुठीत झाकून घरी आले. निवडणुकीला उभं राहायला एकवीस लागतात, हे मी त्याच दिवशी शोधून काढलं आणि डूख धरून बसले.

यंदा माझी एकवीस पूर्ण झाली आणि सरपंचपद महिलांसाठी सुटलं. मोठ्या बाबांनी मोठ्या आईला पुढे केलं, देवळासमोर बैठक घेतली आणि निवडणूक बिनविरोध करायची असं गावाकडून वदवून घेतलं. माझ्या वयाची पोरंसुद्धा माना डोलावून आली. आपलं मत आपल्या हातातून काढून घेतलं, याचं एकालाही काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एसटीने भोकरदनला गेले. तिथे आमच्याच गावचा बबलू ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो.

"मीने, तुला दहा मतं बी पडणार न्हाईत," तो म्हणाला.

"मला मतं नकोत. उमेदवाराला दुसऱ्याच्या अर्जावर हरकत घेता येती. मला छाननीला तिथं उभं राह्यचंय."

बबलूने खुर्ची पुढे ओढली आणि माझा फॉर्म भरायला घेतला.

छाननीच्या दिवशी तहसीलमध्ये साहेबांनी मोठ्या आईचा अर्ज काढला. दोनपेक्षा जास्त अपत्ये नाहीत, असं घोषणापत्र त्याला जोडलेलं होतं. मी उठले.

"साहेब, माझी हरकत आहे. यांना तीन लेकरं आहेत. तिसरी मी."

मोठे बाबा हसले. "भावाची पोरगी हाय साहेब. जन्मदाखला बघा, बराबर लिव्हलंय."

साहेबांनी मला पुरावा मागितला. माझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. "पुरावा तुमच्यासमोर बसलाय, त्यांनाच विचारा," मी म्हणाले. खरं सांगते, मला मोठ्या आईलाही सोडायचं नव्हतं. माझ्यासमोर, चारचौघांत, ती मला नाकारते का ते बघायचं होतं. नाकारलं असतं तर तिचं तोंड मी जन्मात पाहिलं नसतं.

"बाई, तुम्हाला लेकरं किती?"

"दोन सांग," मोठे बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळलीच नाही. "तीन," ती म्हणाली. "वंदना, सुमित आन ही मीना. पाचव्या दिवशी हिला माझ्या पदराखालून काढून नेलं. लिहून घ्या, मी सही करते."

"अर्ज बाद होईल, बाई."

"व्हऊ द्या. त्याच्यासाठीच तर आल्ते मी."

मोठ्या बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. इतकी वर्षं मला वाटायचं, आग एकट्या माझ्याच पोटात आहे.

रिंगणात मी एकटीच उरले, म्हणजे बिनविरोध सरपंच मीच. मी अर्ज मागे घेतला तर निवडणूक पुन्हा लागणार होती आणि सुमितच्या बायकोला उभं करता येणार होतं. मोठे बाबा जन्मात पहिल्यांदा काही मागायला भिंत ओलांडून आमच्याकडे आले.

"काय पायजे तुला?"

"गावादेखत मला तुमची लेक म्हणा. मंग बघू."

माघारीची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. अडीच वाजता, तहसीलच्या पायऱ्यांपुढे, गावच्या तीस-चाळीस माणसांसमोर त्यांनी टोपी काढली.

"ही मीना माझी लेक हाय. मीच दिल्ती हिला. चुकलं माझं."

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फुटला. तो खरा होता, तेवढं मला कळलं. मी हमसून हमसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग हळूच माघारीचा कागद आणि पेन पुढे केलं.

मी डोळे पुसले. पेन परत त्यांच्या खिशाला अडकवलं आणि तीन वाजेपर्यंत त्यांच्याच शेजारी पायरीवर बसून राहिले.