हरलेल्यांचा नमस्कार

चारुदत्तने टीव्हीचा आवाज कमी केला, तसा प्रभाताईंनी चहाचा कप बशीत ठेवून त्याला तो खुणेनेच पुन्हा वाढवायला लावला. सामना चालला होता जपानमध्ये. तिथे भर दुपार होती. इथे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखला, अजून उजाडायचं होतं. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या मोठ्या चषकाची अंतिम लढत होती आणि निळ्या संघाच्या गोलकीपरच्या हातात चारुदत्तच्या टीमने डिझाइन केलेले ग्लोव्हज होते. एवढ्या भांडवलावर त्याने आई आणि लेक दोघींना अंथरुणातून उठवलं होतं.

"आई, ग्लोव्हज बघ. बॉल कसा धरतात बघ."

प्रभाताईंचं लक्ष होतं नातीकडे. चौदा वर्षांची स्पृहा सोफ्याच्या टोकाला पांघरुणात गुरफटून बसली होती. तीही इथल्या क्लबात गोलकीपर. गेल्या शनिवारी आजी साडीवर जाड कोट चढवून पहिल्यांदाच तिचा सामना बघायला गेली, आणि नेमका तेव्हाच शेवटी एक साधा बॉल पोरीच्या हातून निसटला. सामना संपल्यावर मुलींनी कुंपणाशी येऊन घरच्यांना टाळी द्यायची, अशी इथली रीत. बाकीच्या आल्या. स्पृहा मान खाली घालून थेट कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि कुंपणावरून पुढे केलेला आजीचा हात तसाच राहिला. आज दुपारी पुन्हा सामना होता. आपण जाणार नाही, क्लबही सोडणार, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. प्रभाताईंना रुखरुख लागली होती ती याची. आपण गेलो नसतो तर पोरीला एवढं लागलं नसतं, असं त्यांना वाटत होतं.

निळा गोलकीपर मात्र असा खेळत होता की बघत राहावं. एकदा तर जमिनीला समांतर झेपावून त्याने गोलात शिरणारा बॉल बोटांच्या टोकांनी बाहेर काढला, आणि उठल्यावर आधी बचावातल्या घाबरलेल्या पोराची पाठ थोपटली. स्पृहाचं पांघरूण खांद्यावरून घसरलं.

शेवटच्या मिनिटांत एक संथ बॉल त्याच्याकडे आला. त्याने तो धरला, आणि तो निसटला. गोल.

शिट्टी वाजली. चारुदत्तने रिमोट उचलला.

"आल्झो, चला, संपलं," तो सवयीने अर्धं जर्मनमध्ये म्हणाला.

"थांब," प्रभाताई म्हणाल्या. "माणसं अजून उभी आहेत तिथे."

निळे खेळाडू आपल्या पाठीराख्यांच्या बाजूला चालत गेले, ओळीत उभे राहिले आणि सगळे एकदम कमरेतून वाकले. वर बसलेली माणसं टाळ्या वाजवत होती, गात होती. बाकीचे सरळ झाले तरी गोलकीपर वाकलेलाच होता.

प्रभाताईंचा उजवा हात आपसूक वर गेला.

"सुखी राहा रे बाळांनो," त्या टीव्हीला म्हणाल्या.

चारुदत्तला हसू आवरेना. "आई, ते तुला नमस्कार करत नाहीयेत."

"समोर कोणी वाकलं की मी दुसरं काय म्हणू? हरलेल्याला आशीर्वाद द्यायचा नसतो होय?"

स्पृहा हसली नाही. गोलकीपर सरळ होईपर्यंत ती बघत राहिली आणि मग पांघरूण ओढत खोलीत निघून गेली.

दुपारी प्रभाताई पोळ्या लाटत असताना ती दारात येऊन उभी राहिली. खांद्यावर खेळाची बॅग होती.

"आजी, तू येते?"

"तूच म्हणालीस ना, जाणार नाही म्हणून?"

"म्हटलं होतं." ती ग्लोव्हजचा पट्टा उघडत-मिटत राहिली. "हरले तर मी कुंपणाजवळ येते. मग तू ते म्हण. सकाळचं."

"आणि जिंकलीस तर?"

स्पृहाने जरा विचार केला.

"तरी म्हण."

प्रभाताईंनी शेगडी बंद केली. पोळपाटावरची पोळी अर्धी लाटलेली तशीच टाकून त्यांनी हात धुतले आणि त्या कोट शोधायला लागल्या.