मास्तरांचं पथ्य

टेलरकाकू पडल्या त्या कोटाची बाही कापता कापता. समोर टेबलावर करडं कापड, हातात मोठी कात्री, आणि डोळ्यांपुढे एकाएकी काळोख. पडतानाही त्यांनी कात्री अंगापासून लांब धरली होती, हे शेजारच्या बेकरीवाल्या वहिनींनी मागाहून सगळ्या गल्लीला सांगितलं. "धप्प आवाज आला म्हणून धावले, तर काकू जमिनीवर आणि कात्रीचा हात असा वर! जणू कुणाला दिवाच दाखवतायत."

संध्याकाळपर्यंत लेक येऊन थडकली. आईला लागलं नव्हतं, नुसतं कोपराला खरचटलं होतं. पण लेकीने ते कोपर उलटसुलट करून पाहिलं आणि मनात बरेच दिवस घोळत असलेलं एकदाचं बोलून टाकलं.

"आई, आता पुरे. दुकान सोडून दे आणि चल माझ्याकडे."

"आणि तिथे येऊन काय करू? तुझ्या पडद्यांना टिपा मारू?"

"काही करू नकोस. बसून राहा."

काकूंनी जिन्याकडे पाहिलं. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना. याच जिन्यावरून त्या लग्न होऊन वर चढल्या होत्या. मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, कापायचे, त्या शिवायच्या. दोन वर्षांपूर्वी मास्तर गेले तेव्हा त्यांनी कात्रीही हातात घेतली आणि गिऱ्हाईक एकही तुटू दिलं नाही. आता या वयात दुसऱ्याच्या घरी पाहुण्यासारखं बसायचं?

"एकदा चक्कर आली म्हणून काय झालं? मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "माझ्यासारखी शिस्त अख्ख्या गल्लीत कुणाला आहे का, विचार वहिनींना."

ते मात्र खरं होतं. उजाडायच्या आत उठणं, चौकाला फेरी, अळणी जेवण, मोजून पाणी, दुपारी जरा आडवं होणं, दिवेलागणीनंतर लवकर झोप. काकूंच्या शिस्तीवर लोक घड्याळ लावत. आया आपल्या आळशी पोरींना सांगत, "त्या टेलरकाकूंकडे बघ जरा!" अशी बाई चक्कर येऊन पडते म्हणजे काय? काकूंना त्याचाच उलगडा होईना. चुकत तर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेक त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण वयाने लेकीहून लहान होती. तिने काकूंना आधी निजवून बीपी पाहिलं, मग उभं करून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि अहवाल आल्यावर पुन्हा समोर बसवलं.

"काकू, जेवणात मीठ किती घालता?"

"मीठ?" काकू अभिमानाने म्हणाल्या, "मीठ आमच्या घरात नाहीच."

"आणि पाणी?"

"मोजून. काचेची बाटली आहे, तिला लाल दोरा बांधलाय. दोऱ्यापर्यंत भरायची, त्यातली अर्धी माझी."

"आणि उरलेली अर्धी?"

हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही विचारला नव्हता.

"ती... ती मास्तरांची."

मग लेकीने हळूच विचारलं, "मग ती आता कुठे जाते, आई?"

"कुंडीत घालते संध्याकाळी. टाकून कसं द्यायचं?"

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. मास्तरांना काय झालं होतं, ते त्यांनी विचारून घेतलं. मास्तरांचं हृदय कमजोर झालं होतं. अंगात पाणी साठायचं, पावलं सुजायची. म्हणून त्यांना मीठ बंद, पाणी बेताचं, चालणं सावकाश आणि दर थोड्या अंतरावर थांबून. ते पथ्य त्यांना मोठ्या डॉक्टरांनी घालून दिलेलं होतं. आणि काकूंना? काकूंना कुणीच घालून दिलं नव्हतं. एका घरात दोन चवी कशाला शिजवायच्या, आणि नवरा घोट मोजत असताना आपण घटाघटा कसं प्यायचं, म्हणून त्यांनी मुकाट्याने ते आपलंही मानलं. बघता बघता ते अंगवळणी पडलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे गेलेल्या माणसाची खोड जितीला जडली होती.

"तुमच्या सवयी वाईट नाहीत हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण त्या मास्तरांच्या मापाच्या आहेत. तुमचं बीपी मुळात कमी, त्यात मीठ नाही, पाणी नाही. उभं राहिलात की डोळ्यांपुढे अंधार येणारच. जेवणात चवीपुरतं मीठ घाला, पाणी पोटभर प्या, जरा भरभर चाला, झोपेतून एकदम उठू नका. आणि शेजारणीला हे सांगत सुटू नका, हे फक्त तुमच्यासाठी आहे."

मापाची भाषा काकूंना कळत होती. दुसऱ्याच्या मापाचा कोट घालून कुणी आला की काखेत कसा ओढतो, ते त्यांना लांबून दिसे. आणि आपण इतकी वर्षं तेच घालून हिंडलो?

परतताना लेकीने अट घातली. "पुढच्या तपासणीपर्यंत मी गप्प. पण तोवर पुन्हा एकदा जरी चक्कर आली ना, तर विचारायची नाही मी. सामान बांधणार."

"बरं बाई, ठाणेदारीण."

बोलणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी भाजीत चिमूटभर मीठ घातलं आणि घास तोंडात घेऊन तशाच बसून राहिल्या. ही चव चांगली की वाईट? काही कळेना. लहानपणी त्या चोरून मिठाचा खडा चाखत म्हणून आईने पाठीत धपाटा घातल्याचं आठवत होतं. म्हणजे तेव्हा आवडत असावं. पण ती पोरगी कोण आणि ही कोण?

"कसं लागलं गं?" लेकीने फोनवर विचारलं.

"काय सांगू? तोंडात कुणी भांडतंय असं वाटतं."

लेक खदखदून हसली. "मी सासरी पहिल्यांदा जेवले ना, तेव्हा मला वाटलं स्वयंपाक बिघडलाय. सगळे मिटक्या मारतायत आणि मी पाण्यावर पाणी पितेय! तुला सांगितलं नाही कधी."

"का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, सासरच्यांना शिस्त नाही."

काकू तसंच म्हणाल्या असत्या.

पाण्याचं त्याहून अवघड झालं. बाटली दोऱ्यापर्यंत भरायची आणि सगळी प्यायची, असं त्या स्वतःला बजावत. पण अर्धी संपली की हात आपसूक थांबे. उरलेलं पाणी आपलं आहे असं वाटेचना. दुसऱ्याच्या ताटातलं उचलल्यासारखं होई. एक-दोन संध्याकाळी तर सवयीने त्या पुन्हा कुंडीपाशीच जाऊन पोचल्या. कुंडीतलं झाड मात्र मास्तर गेल्यापासून नुसतं माजलं होतं. पानं तळहाताएवढी, चकचकीत. "हं! तू पी माझ्या वाटणीचं," असं त्या रागाने म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की वाटणी त्यांची नव्हतीच, मास्तरांची होती. की आता त्यांचीच? सगळाच गुंता.

आणि चालणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरभर चाला. लहानपणी त्या इतक्या भरभर चालत की वडील विचारत, पायांना चाकं लावलीस का? पण आता चार पावलं झपाझप टाकली की दिव्याच्या खांबापाशी पाय थांबत. पुढे पत्रपेटीपाशी थांबत. आणि चौकातल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानापाशी तर हमखास थांबत. तिथल्या काचेआड एक पुतळा कोट घालून उभा असे, आणि मास्तर रोज त्याच्यापुढे उभं राहून म्हणत, "खांदा चुकलाय बघ. बाही बसवणाऱ्याला उलटं टांगायला पाहिजे." कोट बदलला तरी खांदा चुकलेलाच. दम खायला ते थांबतात, हे काकूंना ठाऊक होतं. काकूंना ठाऊक आहे, हे मास्तरांना ठाऊक होतं. पण दोघंही खांद्याबद्दलच बोलत.

आता त्या एकट्याच काचेपुढे उभ्या राहत. दम लागलेला नसे. मग आपण का थांबलो? पुढे गेलो तर मास्तर मागे राहतील, असं काहीतरी वेड्यासारखं वाटे.

अशाच एका सकाळी फेरीवरून परतताना जिन्यापाशी त्यांना पुन्हा गरगरलं. पडल्या नाहीत, कठडा धरून खाली बसल्या. वहिनींनी बेकरीतून पाहिलं आणि पीठभरल्या हातांनी तशाच धावत आल्या.

"काकू, पाणी प्यालात का सकाळी?"

"अर्धी बाटली," काकू खालमानेने म्हणाल्या. "वहिनी, लेकीला सांगू नका. ती नेईल मला."

"मग ऐका की डॉक्टरचं! गेल्या माणसाचं पथ्य कसलं पाळताय?"

"खाल्ल्या मिठाला जागावं माणसाने," काकू चिडून म्हणाल्या.

"अहो, त्यांनी मीठ खाल्लंच कुठे जागायला!" वहिनी बोलून गेल्या, आणि बोलल्याबरोबर त्यांचा चेहरा असा काही झाला की काकूंनी मान वर केली.

"काय झालं?"

"कुठे काय?"

"वहिनी, माझं आयुष्य लोकांची मापं घेण्यात गेलंय. बोला."

वहिनींनी हात पदराला पुसले आणि शेजारी पायरीवर टेकल्या. "खाल्लं होतं. दुपारी तुमचा डोळा लागला ना, की मास्तर कधीमधी यायचे. ती वर मीठ भुरभुरलेली बिस्किटं असतात ना आमची, ती घ्यायचे. दोन."

"दोन?"

"एक स्वतःला, एक तुम्हाला. म्हणायचे, ती माझ्यापायी अळणी खाते वहिनी, तिला काहीच झालेलं नाही तरी. तिच्यासाठी एक बांधा. मी बांधायची. मग तुमच्या दारापर्यंत जायचे आणि तिथेच उभे राहायचे. तुम्हाला द्यावं, तर चोरी उघडी पडणार! मग परत यायचे, आमच्या बेकरीतल्या बाकावर बसायचे आणि दोन्ही खायचे."

काकूंना आधी रागच आला. इतकं घोट मोजून जपलेलं पथ्य, आणि हा माणूस बेकरीत बसून बिस्किटं हाणतोय! पावलं सुजायची ती यानेच? नाही, कधीमधी म्हणाल्या वहिनी. कधीमधीने एवढं होतं का? आणि त्यांना ठाऊक होतं? आपल्याला काही झालेलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि आपल्यालाच नव्हतं? मग बोलले का नाहीत? आपण तरी कुठे बोललो, काचेपुढे?

राग कुठल्या टोकाने धरावा तेच कळेना. मग त्यांना मास्तर दिसले: भरल्या तोंडाने, चोरासारखे, एका हातात बायकोचं बिस्किट. आणि काकू त्या पायरीवर बसल्या बसल्या हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"माझ्या वाटणीचं खाल्लं मेल्याने," त्या म्हणाल्या.

"आणा म्हणाल तर आणते एक."

"आणा. आणि पाणी आणा."

बिस्किट त्यांनी सावकाश खाल्लं. मीठ जिभेवर आलं. आवडलं का? ते अजूनही नक्की सांगता येत नव्हतं. पण संपल्यावर त्यांनी बोटांना लागलेला चुरा चाटला. मग वहिनींनी आणलेला पेला एका दमात रिता केला.

दुसऱ्या सकाळी त्यांनी बाटलीचा दोरा सोडायला घेतला. गाठ मास्तरांच्या हातची, टेलरची गाठ. ती सुटेना, आणि कात्री लावायला हात धजेना. शेवटी त्यांनी तो तसाच सरकवत सरकवत बाटलीच्या गळ्यापर्यंत नेला आणि बाटली तिथवर भरली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा निजवून आणि उभं करून पाहिलं आणि मान डोलावली. लेकीने तोंड वाकडं केलं, पण शब्दाची पक्की.

"बरं, राहा. पण पाणी सगळं पितेस ना, खरं सांग."

"सगळं."

"आणि भरभर चालतेस?"

"चालते. फक्त त्या काचेपाशी थांबते."

"का? दम लागतो?"

काकूंनी विचार केला. हल्ली भरभर चालून तिथे पोचेपर्यंत खरंच दम लागे. पण त्यासाठीच थांबतात, असं छातीवर हात ठेवून त्यांना सांगता आलं नसतं.

"खांदा चुकलाय त्या कोटाचा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बाटली रिकामी झाली, तेव्हा कुंडीतल्या झाडाची पानं जरा मलूल दिसली. काकू त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. पुन्हा तोच घोळ, आता झाडाला कुणाच्या वाट्याचं पाणी घालायचं? मग त्यांनी बाटली नळाखाली धरली, अर्धी भरली आणि झाडाला घातली.