चंद्रीला सांगितलेलं

ताराबाईचं तोंड सुटलं की तापल्या कढईत मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसं फुटायचं. त्यात गालात मिश्री, तोंड चुलीकडं आणि बोलणं पाठीमागच्या माणसाला. "काल सांगितलं, परवा सांगितलं, आता काय पाटीवर लिहून देऊ?" एवढं एका दमात म्हणून ती पुढच्या विषयावर गेलेलीही असायची. सून बबिता बावीस वर्षांत सरावली होती. निम्मं ऐकायचं, निम्मं अंदाजानं करायचं.

नवऱ्याला, आप्पारावांना मात्र अंदाज लागेना. तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, तिची घरघर डोक्यात भरून घेतली आणि साठीनंतर कान गेले ते गेलेच. मग म्हाताऱ्यानं एक युक्ती धरली. समोरचा काही बोलला की मान हलवायची आणि म्हणायचं, "बरोबर हाय."

आता हे आप्पाराव म्हणजे गावातला सुपारी फोडायचा माणूस. लग्न ठरवायला दोन्हीकडची मंडळी बसली की प्रत्येक गोष्ट चारचौघांत वदवून घ्यायची आणि सगळ्यांचा होकार आला की मगच सुपारी फोडायची, हा मान त्यांचा. पण दिवाळीनंतर शेजारच्या सिदूच्या घरी बैठक बसली. मुलीकडचे म्हणाले, लग्न आमच्या दारात. आप्पाराव म्हणाले, "बरोबर हाय." मुलाकडचे म्हणाले, छे, आमच्या दारात. आप्पाराव म्हणाले, "बरोबर हाय." बैठक हसली. वाईट मनानं कुणी हसलं नाही, पण हसली. त्या दिवसापासून आप्पारावांनी सुपारीला हात लावला नाही.

आणि आता घरचीच सुपारी आली. नात ऋतुजाला बघून गेलेले गेवराईकडचे पाहुणे रविवारी पक्कं करायला येणार होते. आप्पारावांनी मुलाला सांगून टाकलं, "सोमेश्वर, तूच बस बैठकीत. मी आपला गोठ्यात बसतो."

ताराबाईला ते काळजात लागलं. गावभर सुपाऱ्या फोडलेला आपला माणूस नातीच्या सुपारीला म्हशीपाशी बसणार? तिनं त्यांना समजावलं. म्हणजे भांडी घासता घासता, त्यांच्याकडं पाठ करून, तासभर फैलावर घेतलं. आप्पाराव म्हणाले, "बरोबर हाय."

ऋतुजा अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. तिनं महिन्यापूर्वीच आजोबांना, सोबत आजीलाही, तिथं नेऊन कानात बसवायचं मशीन आणलं होतं. कान तपासणाऱ्या पोरीनं ताराबाईलाच समोर बसवलं. "आजी, मशीन फक्त आवाज वाढवतं. शब्द सुटे करायचं काम तुमचं. समोर बसा, तोंड दिसू द्या, एक वाक्य बोला आणि थांबा. ओरडू नका."

"आता गं बया!" ताराबाई म्हणाली. "कान ह्यांचं बिघडलं आन् दुरुस्ती माझ्या तोंडाची?"

काल जन्मलेल्या पोरीनं आपल्याला बोलायला शिकवावं, हा अपमान ती एसटीत घाटनांदूरपर्यंत सगळ्यांना सांगत आली. घरी येऊन तिनं शब्द काही सुटे केले नाहीत, आवाज तेवढा चढवला. आप्पारावांच्या कानात गिरणीच पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मशीन डबीत गेलं आणि डबी कोनाड्यात.

शुक्रवारी संध्याकाळी ऋतुजा घरी आली. आल्या आल्या तिनं डबी काढली, आजोबांची दाढी कुरवाळली आणि मशीन त्यांच्या कानात बसवलं. "आबा, मी हाय तवर तरी काढू नका." नातीला कोण नाही म्हणणार? म्हातारा मशीन घालून गोठ्यात गेला आणि चंद्री म्हशीच्या दावणीपाशी आंबोण कालवत बसला.

ताराबाई धार काढायला आली. चंद्री मोठी मानी म्हैस. घाई केली, आवाज चढवला की दूध वर ओढून घ्यायची. म्हणून तिच्याशी वागायची रीतच वेगळी होती. ताराबाईनं मिश्री थुंकली, चूळ भरली. चंद्रीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली, कपाळावर हात ठेवला आणि तिला पान्हा सुटेपर्यंत बोलत राहिली. एक वाक्य बोलायचं, थांबायचं. कान हलला की पुढचं.

"चंद्रे... लई वंगाळ दिवस आलं गं." थांबली. "रविवारी पोरीची सुपारी... आन् तुझा मालक... तुझ्यापाशी येऊन बसणार." थांबली. "पोरीला आजा हाय का न्हाई... पाव्हणं इचारतील. काय सांगू?" थांबली. "लई हेकट झालाय म्हातारा."

"हेकट मी का?" दावणीच्या पलीकडून आवाज आला.

ताराबाईचा हात चंद्रीच्या कपाळावर तसाच राहिला. आप्पाराव आंबोणातले हात वर करून तिच्याकडं बघत होते.

"तुमाला... ऐकू आलं?"

"सगळं आलं. वंगाळ दिवस, सुपारी, आजा, हेकट." म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्यासंगं माणसावानी बोललीस, तेबी म्हशीच्या नावानं!"

दारात ऋतुजा पोट धरून हसत होती. "आजी, तेवढ्या सबुरीनं आबासंगं एकदा तरी बोललीस का? म्हशीला पान्हा सुटंस्तवर थांबतीस, आबाला उत्तर सुटंस्तवर थांबायला काय जातंय?"

"तू गप गं, लई शानी झालीस," ताराबाई म्हणाली, पण सावकाश म्हणाली. आप्पारावांनाही ते ऐकू आलं आणि तेही हसले. चंद्रीनं मात्र त्या दिवशी दूध वर ओढलं ते ओढलंच. चहा कोराच झाला.

शनिवारभर ताराबाईचा सराव चालला. ती चूळ भरून नवऱ्यासमोर बसायची आणि एकेक वाक्य ठेवायची. जड जात होतं तिला. सावकाश टोमणा मारला की त्याची धारच जायची. आणि बोलता बोलता थांबलं की कळायचं, पुढचं वाक्य बोलायची तशी काही गरज नव्हती. पण आप्पाराव उत्तरं देऊ लागले. "बरोबर हाय"च्या जागी "न्हाई" आलं, "का म्हून?" आलं. चहात साखर जास्त पडती, हे चार वर्षांत न बोललेलं गाऱ्हाणंही आलं. रात्री जेवताना म्हणाले, "बसतो मी बैठकीत. पण तू नदरंसमोर ऱ्हा."

रविवारी पाहुणे आले. सतरंजीवर दोन्हीकडची मंडळी, मध्ये पानाचं ताट, ताटात सुपारी. बायका रिवाजाप्रमाणं उंबऱ्याच्या आत. मुलगा अभिमन्यू खाली मान घालून बसलेला. त्याचे चुलते बंकटराव मात्र असे बोलके, की ताराबाईला आपली तरणी जीभ आठवली.

"तर मग काय वैशाखात उरकून टाकू पोरगी घरचीच समजा शिक्षणाचं काय नंतरबी होतंय मानपानाचं बघून घेऊ चला मंडळी फोडा सुपारी!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पारावांचीही मान हलली. ओठ "बरोबर..." म्हणायला उघडले.

ताराबाईनं ते बघितलं. ती उंबरा ओलांडून सरळ बैठकीत आली आणि नवऱ्यासमोर सतरंजीवर बसली. सोमेश्वर पुटपुटला, "आई, आत जा की." ती हलली नाही.

"पाव्हणं," ती बंकटरावांना म्हणाली, "आमच्या हितं सुपारी ह्यांच्या हातची असती. आन् ह्यांस्नी ऐकू आल्याबिगर ती फुटत न्हाई. हिकडं तोंड करा. एक बोला. थांबा. मग दुसरं बोला."

बंकटराव वरमले. आप्पारावांकडं वळले. "लग्न... वैशाखात."

आप्पाराव म्हणाले, "पुढं?"

"पोरीचं शिक्षण... नंतर बघू."

"नंतर म्हंजे कवा? पुन्हा सांगा."

"म्हंजे... लग्न झाल्यावर... म्हंजे..." बंकटराव अडखळले. भरभर बोलताना सहज निघून गेलेली गोष्ट सावकाश बोलताना त्यांच्याच कानांना खटकली.

आप्पारावांनी नातीकडं बघितलं. "ऋतुजा, परीक्षा कवा हाय?"

"पुढच्या जूनला, आबा. शेवटची."

आप्पाराव अभिमन्यूकडं वळले. पोरानं पहिल्यांदा मान वर केली. तो आपणहून पुढं सरकला, त्यांच्यासमोर बसला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आबा... परीक्षा झाल्यावरच लग्न करू. मी थांबतो."

"आता कसं सोळा आणे ऐकू आलं!" आप्पाराव म्हणाले. दोन्हीकडच्या एकेका माणसाकडून त्यांनी होकार वदवून घेतला, अगदी बंकटरावांकडूनही, आणि अडकित्त्यानं सुपारी फोडली. ह्या वेळीही बैठक हसली, पण हसण्याची तऱ्हा निराळी होती.

पाहुणे गेल्यावर ताराबाई ओसरीत पानाचं ताट आवरत होती. आप्पाराव शेजारी येऊन हळूच म्हणाले, "आज तू होतीस म्हणून माझा मान ऱ्हायला."

ताराबाईला पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत ऐकू आलं होतं. तरी तिनं ताट खाली ठेवलं, पदर सावरला आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

"काय म्हणलात? नीट कळलं न्हाई. सावकाश सांगा बघू, एकदा अजून."