मामा पोचेस्तवर

गोष्ट पंचावन्न सालातली. मला ती नीट सांगता येईल याची खात्री नाही. पण आठवली की अजून हसू आवरत नाही.

आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, दापोडीला चाळीत राहायचो. हिंदुरावमामा आमच्याकडेच राहून एका कारखान्यात फिटरचं काम करी. कोल्हापुरात एक यंत्र बंद पडलं आणि त्याचा नवा भाग घेऊन मामाला भाड्याच्या छोट्या विमानानं पाठवायचं साहेबानं ठरवलं. आमच्या चाळीतलं आजवर कुणी विमानात बसलं नव्हतं! सकाळी निरोपाला सगळी चाळ आमच्या खोलीत शिरली. मामा गेला आणि मागे शेंगांच्या टरफलांचा सडा उरला.

नेमके त्याच दुपारी पिंपळे गुरवचे कोंडाजी मला बघायला यायचे होते. त्यांच्या मुलीला मी एकदा उरुसात पाहिलं होतं. तेव्हापासून हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं.

मी केरसुणी उचलली. आईनं हात धरला.

"गावाला गेलेलं माणूस पोचेस्तवर केर काढायचा न्हाई!"

"अगं, तो रेल्वेनं थोडाच गेलाय?"

"मग कवा पोचंल ते सांग. बुकं वाचतोस न्हवं?"

तेवढ्यात शेजारच्या पुतळाबाई गॅलरीतून ओरडल्या, "गेला बघा हिंदुराव!" आभाळात एक विमान दक्षिणेकडे चाललं होतं. चाळभर पदर आणि टोप्या हलल्या. मी पलीकडच्या खोलीतल्या आबाजींचं घड्याळ मागून आणलं आणि नकाशावर दोरा ताणला. लोहगाव ते कोल्हापूर साधारण एकशे पस्तीस मैल. असलं विमान तासाला सव्वाशे मैल जात असेल. म्हणजे तासाहून थोडं जास्त. पण वारा समोरून असला तर? आणि नकाशाच जुना असला तर?

"सव्वा तास," मी म्हणालो. "किंवा दीड."

कोंडाजी लवकरच आले. बरोबर त्यांची बहीण सुभद्राबाई. टरफलं पायाखाली कडकड वाजली. आईनं कसंबसं कारण सांगितलं. मला वाटलं, संपलं आता.

"बरोबर हाय," सुभद्राबाई खाटेवर मांडी घालून बसल्या. "थांबू की. कुठवर गेलं इमान?"

"कराडच्या पुढे असेल," मी घाबरत म्हणालो.

"आन् आता?"

सव्वा तास झाला. आईनं केरसुणी टेकवली.

"थांब! उतरायच्या आधी घिरट्या घालत असतील," मी म्हणालो.

"ह्याला पोरगी दिली तर घरातला केर कधी निघायचा?" कोंडाजी म्हणाले.

"दादा, गप. उतरू द्या त्यास्नी!"

शेवटी मी डोळे मिटून म्हणालो, "पोचला." आईनं पहिला हात मारला आणि दारात मामा उभा!

"अगं आक्का, यंत्राचा भाग इमानाच्या दारातून आतच जाईना! लोहगावातूनच माघारी आलो."

"मग आमी टोप्या हलवल्या त्या कुणाला?" पुतळाबाई किंचाळल्या.

सुभद्राबाई हसता हसता खाटेवर आडव्या झाल्या. कोंडाजींना ठसका लागला. आई मात्र केरसुणी उगारून माझ्यावरच आली, "म्हणं पोचला!"

"वयनी, मारू नका आमच्या जावयाला," सुभद्राबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मुलाचा मामा आयताच घरी आलाय. आजच सुपारी फोडू या."

मी केरसुणी घेतली आणि सोयऱ्यांच्या देखत खोली झाडायला लागलो.