व समस्त मित्रमंडळ

हे मी लिहिणारच नव्हतो. मग मातेउसला फोन करून विचारलं, लिहू का आपलं ते फ्लेक्सचं? तो म्हणाला, "लिही. फोटो नको." म्हणून फोटो नाही.

त्या दिवशी सकाळी सात वाजता मी शिडीवर होतो. हातात कटर, आणि कटरसमोर त्याचा चेहरा. खाली शिडी धरून तोच उभा. वीस बाय दहाचा फ्लेक्स. मधोमध हात जोडलेले कमळाकरकाका, डोक्यावर साठाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि लाल अक्षरात 'भावी नगरसेवक'. खाली बेचाळीस गोल, प्रत्येक गोलात एक माणूस. शेवटच्या ओळीत उजवीकडून दुसरा मातेउस. खाली नाव: मातेउसभाई (ब्राझीलवाले).

"काप," तो खालून म्हणाला.

"थांब ना."

"लोक उठतील."

"उठलेत लोक. चहावाला बघतोय."

मी कटर खाली घेतलं. एक गोल कापायला किती वेळ लागतो, अर्धं मिनिट. पण नंतर तिथे भोक दिसणार, आणि आमच्या गावात भोक म्हणजे भांडण झालं असाच अर्थ.

मातेउस चोवीस वर्षांचा. ख्रिस्ती मिशनरी, पण अजून शेवटचं व्रत घेऊन पूर्ण ब्रदर झाला नव्हता, व्हायचा होता. त्यांची संस्था तळोज्याच्या बाजूला एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी घर चालवते. तिथे तो दिवसभर कुणाला आंघोळ घाल, कुणाला भरव, कुणाचे पाय दाब, हे करायचा. राहायला आमच्याकडे, खारघरच्या टॉवरांच्या मधे अडकलेल्या आमच्या गावात, कमळाकरकाकांच्या घरी तळमजल्याच्या खोलीत.

येण्याआधी सहा महिने पुण्यात मराठीचा क्लास केलेला. पहिल्या दिवशी काकांची आई, काशीआजी, ओट्यावर कोलंबी साफ करत बसलेली. हा गेला आणि म्हणाला, "नमस्कार. आपण कशा आहात?" आजीने मागे वळून बघितलं, कुणाशी बोलतोय म्हणून.

आजी त्याला रोज विचारायची, "जेवलास काय रं?" आपण काय करतो, हो म्हणतो आणि पुढे जातो. हा थांबायचा. दोन पोळ्या, डाळ, थोडा भात, काकडी, असं सगळं सांगायचा. आजी शेवटपर्यंत ऐकायची. पुढे पुढे तर एखादी गोष्ट राहिली की तीच आठवण करायची, "आज काकरी नाय?"

आजी त्याला मातू म्हणायची.

माझं दुकान त्याच गल्लीत. फ्लेक्स, लग्नपत्रिका, स्टिकर. मी डिझाईन कुठे शिकलेलो नाही, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून हात बसला. मातेउस एक दिवस दारात आला आणि म्हणाला, "पुस्तकातलं मराठी वाचतो मी. रस्त्यावरचं वाचता येत नाही." मी स्टूल सरकवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तासभर तो माझ्या शेजारी बसून स्क्रीनवरचं मॅटर मोठ्याने वाचायचा.

म्हणजे त्याचं अर्धं मराठी फ्लेक्सचं. एकदा त्यांच्या तिथल्या एका आजोबांनी तीन दिवस तोंड उघडलं नव्हतं, चौथ्या दिवशी याच्या हातून खाल्लं. संध्याकाळी येऊन मला सांगतो, "आज आजोबांनी भात खाल्ला. हार्दिक अभिनंदन." मी हसलो. तो नाही हसला. मग मीपण थांबलो.

एकदा एका फ्लेक्सच्या तळाशी बोट ठेवून विचारलं त्याने, "व समस्त मित्रमंडळ. हे कोण?"

"ज्यांचे फोटो मावत नाहीत ते."

"नाव नाही?"

"नाही."

"पण ते आहेत?"

"असतात रे. जागा कमी पडली की ही ओळ पहिली उडवतो मी."

त्याने वही काढून ते लिहून घेतलं. मला वाटलं, घेऊ दे, लिहितोय.

आता तो वाढदिवसाचा फ्लेक्स. काका या वेळी पालिकेला उभे राहणार होते, त्यामुळे साठावा जोरात करायचा होता. त्यांनी नावांची यादी आणि फोटो पाठवले. एक्केचाळीस. तुमचा फोटो टाकू का, असं आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. टाकला तर कुणाला राग येत नाही, राहिला तर येतो. आदल्या वर्षी नामदेवमामांचा फोटो माझ्याकडून राहिला. मामा आठ महिने माझ्या बापाशी बोलले नाहीत. बहिणीच्या हळदीला आले नाहीत. समोरून जायचे आणि आकाशाकडे बघायचे.

शेवटच्या ओळीत एक गोल उरत होता. मी मातेउसला बसवला. आजीच्या ओट्यावरचा फोटो होता माझ्याकडे, हातात कोलंबी धरून हसतानाचा. कोलंबी कापली, चेहरा ठेवला. त्याला विचारलं नाही. सरप्राईज. खरं सांगतो, मला वाटलं मी त्याला काहीतरी देतोय.

आणि तो खूश झालाही. संध्याकाळी फ्लेक्सखाली उभा राहून बेचाळीस नावं त्याने वाचली, एकही न अडखळता. स्वतःचं आलं तेव्हा दोनदा वाचलं. फोटो काढून आईला पाठवला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या संस्थेच्या फादरचा फोन आला. कुणीतरी फ्लेक्सचा फोटो एका ग्रुपवर टाकलेला, वर लिहिलेलं, परदेशी मिशनरी निवडणुकीच्या प्रचारात. फादर ओरडले नाहीत. मातेउसने मला सगळं सांगितलं ते स्टूलवर बसून, हळू. तो व्हिसावर आलेला माणूस. राजकारणात कुठेही दिसायचं नाही. कुणी लेखी तक्रार केली तर देश सोडावा लागेल, आणि परत यायला मिळणार नाही बहुतेक.

"फोटो उद्यापर्यंत निघायला पाहिजे," तो म्हणाला. "आधी काकांना सांगू."

"आधी कापू, मग सांगू," मी म्हणालो. "सांगू की शाई फुटली. प्रिंटिंगची चूक. मी बघतो."

"खोटं नको."

"अरे, मला घाबरायला होतं त्यांच्यासमोर."

हे मी खरं बोललो. लहानपणापासून काकांना मी कशालाच नाही म्हटलेलं नाही. मातेउसने माझ्याकडे बघितलं आणि वाद घातला नाही. म्हणून सकाळी सात वाजता शिडी.

आणि सव्वासातला काका स्वतः आले. बनियन, खाली ट्रॅकपॅन्ट, हातात दुधाची पिशवी.

"काय रं हरेश? दोरी सुटली काय?"

"हो काका," मी वरून म्हणालो.

"नाही, काका," मातेउस खालून म्हणाला. "माझा फोटो काढतोय."

काकांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग वर माझ्याकडे. मी हातातलं कटर खिशात घातलं.

"का? कोन काय बोलला तुला?"

"कोणी नाही. मी बाहेरच्या देशाचा. निवडणुकीत माझा फोटो चालत नाही. सरकार मला परत पाठवेल."

"कोन पाठवतंय? मी हाय ना."

"तुम्ही आहात," मातेउस म्हणाला. "कायदा पण आहे."

चहावाल्याने स्टो बारीक केला. मला वरून दिसत होतं. काकांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मंग माझ्या बॅनरला भोक पारनार? साठाव्याला? गाव इचारेल, कोनाला कापला. बेचालीस जनांना बेचालीस कारनं सुचतील. काय सांगू मी त्यांना?"

मातेउस शब्द शोधत होता. त्याचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा, तसं झालं. मला वाटलं आता हा काहीतरी फ्लेक्सवरचं बोलणार, प्रेरणास्थान वगैरे, आणि सगळं जाणार.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, काढा म्हणून. मला नियम माहीत होता. पण मला आनंद झाला, काका. म्हणून नाही सांगितलं."

काका एक पाऊल मागे सरकले. मान वर करून फ्लेक्सकडे बघत राहिले. स्वतःकडे नाही, खालच्या ओळीकडे. इतका वेळ बघत होते की माझे पाय शिडीवर भरून आले.

"हरेश."

"हां काका."

"सुतली काप."

"कुठली?"

"चारी."

"काका, मी संध्याकाळपर्यंत दुसरा छापून देतो. सेम. फक्त एक..."

"दुसरा लावला तं लोक दोनी ताडून बघतील, कोन गेला. काप सगला. वाढदिवस झाला ना माझा. झाला."

मी चारी दोऱ्या कापल्या. एवढा मोठा फ्लेक्स सुटला की आवाज मोठा होतो. खाली मातेउस आणि काकांनी दोन टोकं पकडली आणि चादर घडी करतात तशी घडी केली, समोरासमोर येत, परत मागे जात. दुधाची पिशवी तेवढा वेळ चहावाल्याकडे.

चौकातली जागा रिकामी राहत नाही. संध्याकाळी त्याच खांबांवर दुसऱ्या भावी नगरसेवकाचा फ्लेक्स लागला. तोपण मीच छापलेला. काकांनी येता-जाता बघितला, मला काही म्हणाले नाहीत.

आमच्याकडे जुना फ्लेक्स कुणी फेकत नाही. हा काशीआजीने मागच्या अंगणात लाकडांवर घातला. छापलेली बाजू आत घालतात, तशीच घातली. पण घालता घालता विचारलं, "मातू कुठं हाय यात?" मी दाखवलं. आजीने ते टोक मोकळं ठेवलं आणि बाहेर दुमडून वर दोन विटा ठेवल्या. ती मासळी साफ करायला बसते त्याच्या बरोबर समोर.

तक्रार आली नाही. पण फादर म्हणाले, रिस्क नको. इथून काही महिने बाहेर. नाशिकच्या पुढे त्यांचं दुसरं घर आहे, तिथे. परत कधी, तर बघू. मी मनातल्या मनात हे सगळं त्या एका गोलाच्या खात्यावर मांडत होतो. मी तो गोल रिकामा सोडला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

जायच्या दिवशी तो बॅग घेऊन दुकानात आला. आजीला भेटून आलेला. हातात डबा होता, त्यात सुकट होती हे वासावरून कळत होतं. मी कामात होतो, तळोज्याचं एक श्रद्धांजलीचं अर्जंट काम. तो नेहमीसारखा स्टूलवर बसला आणि मॅटर वाचायला लागला. 'भावपूर्ण'पासून 'शोकाकुल'पर्यंत. कुठेच अडकला नाही.

मी सॉरी म्हणायचं ठरवून ठेवलं होतं. दोन दिवस पाठ करत होतो. म्हणालो तर त्याने हात हलवला, जसं आजी माशी हाकलते तसा. आणि स्क्रीनच्या तळाशी बोट ठेवलं.

"ती ओळ कुठे?"

"कुठली?"

"मित्रमंडळ."

"जागा नव्हती रे. घरातलीच सतरा नावं आहेत."

त्याने डबा मांडीवर ठेवला.

"हरेश, आजीचा फ्लेक्स तूच करशील. कधीतरी."

"गप रे. ती ठणठणीत आहे."

"आहे. पण करशील तर तूच. माझा फोटो नको, नाव नको. ती ओळ ठेव. मी तिथे आहे."

मी स्क्रीनकडे बघितलं. सतरा नावं, फुलांचा हार, तिथी, वेळ, पत्ता. आणि एकदम खाली, मी प्रत्येक कामावर टाकतो ते: डिझाईन, माझ्या दुकानाचं नाव, माझा नंबर. ते सिलेक्ट केलं, डिलीट केलं. तिथे तीन शब्द बरोबर बसले.

त्याने वाचलं. मोठ्याने.

"आजीच्याच नाही," मी म्हणालो. "सगळ्यांच्या फ्लेक्सवर ठेवीन. जागा नसली तर माझं नाव काढीन. ती ओळ नाही काढणार."