मान कशी हलवली

आमच्या डोंगरावर लिफ्ट एकच, तीही माणसाला स्कीवर उभं करून दोरीने ओढत वर नेणारी. वारा सुटला की आधी ती बंद पडते, मग असलं धुकं येतं की स्वतःचा हातमोजा दिसत नाही. म्हणून खाली एक मोठी घंटा आहे. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ती बडवत राहायची. तो आवाजाच्या रोखाने खाली येतो. शेवटचा माणूस म्हणजे कुझ्मानकाका. वरच्या खोपटात लिफ्ट सांभाळत एकोणीस हिवाळे काढले त्यांनी.

यंदा घंटा माझ्याकडे होती. सहा वर्षं ऑस्ट्रियात राबून आलो होतो. तिथे मान वरखाली केली की हो, आडवी हलवली की नाही. आमच्या बल्गेरियात नेमकं उलटं. तिकडे पहिल्या वर्षी यापायी शिव्या खाल्ल्या, मग हट्टाने मानेला नवी सवय लावली. परत आल्यावर काका हसायचे. "झाहारी, लेका, चहा हवा की नको ते तोंडाने बोल. तुझ्या मानेचा काही भरवसा नाही!"

त्या शुक्रवारी दुपारी तीनलाच अंधारून आलं. तासभर घंटेची दोरी ओढून माझ्या बोटांची लाकडं झाली होती. तेवढ्यात आमचा गस्तीवाला ल्युबेन गारठलेल्या एका मुलीला पाठुंगळी घेऊन धुक्यातून आला. मी घंटेच्या खोलीच्या काचेआडून ओरडलो, "सगळे उतरले का रे?" वाऱ्यात त्याचं बोलणं ऐकू येईना. त्याने दोनदा मान वरखाली केली आणि खानावळीकडे पळाला.

मी दोरी सोडली. सुटलो बुवा एकदाचा, म्हटलं, आणि चहा ओतून घेतला.

वीस मिनिटांनी दार धाडकन उघडलं. "घंटा का थांबवलीस?"

"तूच तर हो म्हणालास!"

"नाही म्हणालो मी, गाढवा! काका अजून वरच आहेत!"

मग दोघांनी मिळून ती घंटा अशी बडवली की तळवे सोलून निघाले. काका दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर घळीत गोठून गेलेले सापडले, वाटेपासून पन्नास पावलांवर. त्यांची एक काठी बर्फात उभी रोवलेली होती. आवाज ऐकायला थांबले असणार.

ल्युबेनने कुणाला काही सांगितलं नाही. मला मात्र जेवण गोड लागेना.

चाळिसाव्या दिवशी, आमच्या रिवाजाप्रमाणे, काकांच्या बायकोने, वेलाकाकूंनी काकांच्या नावाने उकडलेले गहू वाटले. माझ्या हातात वाटी देऊन थांबल्या. "एकच सांग रे बाळा. तू शेवटपर्यंत घंटा वाजवत होतास ना?"

मी मान हलवली. आडवी. देवाशप्पथ सांगतो, मी नाहीच म्हणालो.

काकूंचा चेहरा निवळला. "वाटलंच मला," म्हणत त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "म्हणजे एकटे नव्हते ते."

तोंडाने बोल, काका म्हणाले असते. मी तोंडात गहू कोंबले.