भेगेवरची द्राक्षवेल

ओस्तियाच्या बंदराजवळ एग्नातियसची पाच मजली इमारत होती. खालचे दोन मजले विटांचे, वरचे तीन लाकूडमातीचे. चौथ्या मजल्यावर मी आणि माझी बायको प्रीमा राहायचो. जहाजांचे दोर वळणं हा माझा धंदा. तळमजल्यावर हेल्वियाबाईची खानावळ होती. तिथे उकडलेले चणे, खारवलेले मासे आणि दारू मिळायची. दारूत पाणी किती, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी रस्त्याकडच्या भिंतीला भेग पडली. खानावळीच्या दारावरून निघून ती वाकडीतिकडी आमच्या मजल्यापर्यंत आली. आधी तिच्यात बोट जायचं, मग मूठ जायला लागली. तेव्हा हेल्वियाबाईने घरमालकाला बोलावणं पाठवलं.

एग्नातियस आला तो पांढराशुभ्र झगा सावरत. भिंतीपासून बऱ्यापैकी लांब उभा राहून त्याने भेग पाहिली.

"काही नाही गं बाई. घर बसतंय. नवी घरं बसतातच."

"मालक, तुमच्या वडिलांनी बांधलेलं घर हे. इतकी वर्षं बसलंच की. आता आडवं व्हायचं राहिलंय."

"उद्याच माणूस पाठवतो," तो म्हणाला.

माणूस खरंच आला. पण त्याच्याकडे ना थापी होती, ना चुना. रंगाची मडकी घेऊन आला होता. लायको नावाचा ग्रीक चित्रकार. भेगेकडे पाहून त्याचे डोळेच चमकले.

"वा! वेलीचं खोड आयतंच मिळालं की!"

त्याने भेगेच्या बाजूने हिरवीगार द्राक्षवेल रंगवली. टपोरे घोस काढले. एका घोसावर चोच मारणारा पक्षी काढला. खरं सांगतो, काम अप्रतिम होतं. दुसऱ्या गल्लीतली माणसं बघायला येऊ लागली, आणि आली की खानावळीत टेकू लागली. हेल्वियाबाईला चण्यांचा हंडा मोठा घ्यावा लागला. भेगेबद्दल ती बोलेनाशी झाली.

बोलायला लागली ती प्रीमा. "खालच्यांना द्राक्षं, आणि आपल्या भिंतीतून नुसता वारा! आपण काय फुकट राहतो?"

मी मालकाकडे गेलो. लाज वाटते सांगायला, पण मी भेग बुजवा असं म्हणालोच नाही. आम्हालाही काहीतरी काढून द्या, असं म्हणालो. आमच्या मजल्यावर, भिंतीच्या रस्त्याकडच्या अंगाला, आम्हाला मोर मिळाला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाव्याने डाळिंबाचं झाड मागितलं. तोवर भेग पाचव्या मजल्यापर्यंत पोचली होती; तिथल्यांना मोर हवा होता, तो आमच्याकडे गेला म्हणून त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात भेटलं की लोक एकमेकांना विचारायचे, "तुमची भेग केवढी झाली?"

हेल्वियाबाई शुद्धीवर आली ती दारूचे रांजण आपोआप घरंगळायला लागले तेव्हा. तिने मला बोलावलं.

"सातुरियो, गोदीतून एक जाड ओंडका आणून दे. भिंतीला टेकू लावते."

"मालक रागावतील."

"रागावू दे. तो काही माझ्या डोक्यावर पडणार नाही, भिंत पडेल."

टेकू लागला. तो नेमका पक्ष्याच्या समोर आला. एग्नातियस तणतणत आला, आणि सोबत नगराच्या बांधकामांवर देखरेख करणारा अधिकारी फुंडानियस. आम्हाला वाटलं, आता तरी कुणी भिंतीवर मूठ मारून बघेल.

फुंडानियसने मान वाकडी करून वेल न्याहाळली. "इतक्या सुंदर चित्रासमोर हे लाकूड कुणी लावलं?"

"मी लावलं," हेल्वियाबाई म्हणाली. "साहेब, भिंत पडायला आलीय."

"बाई, तुला चित्रातलं काही कळतं का?"

"चित्रातलं नाही. पडण्यातलं कळतं."

त्याने टेकू काढायचा हुकूम दिला, कारण तो रस्त्याला अडथळा होता. शिवाय नगराची शोभा वाढवल्याबद्दल द्राक्षांच्या सणाला एग्नातियसचा जाहीर सत्कार ठरवला.

सणाच्या सकाळी टेकू निघाला. टाळ्या वाजवायला झाडून सगळ्या भाडेकरूंना मालकाने बाहेर काढलं. न्हाव्याची आजारी सासूसुद्धा खाटेसकट रस्त्यापलीकडे आणून ठेवली. बासरीवाला वाजवत होता. फुंडानियसने एग्नातियसच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवला आणि बोलायला सुरुवात केली, "अशा माणसांच्या आधारावरच आपलं नगर उभं..."

इमारत पडली.

आधी वरचे मजले आत खचले, मग सगळंच. धुरळ्यात शेजारचा माणूस दिसेना. बासरीवाला मात्र वाजवतच होता, थांब म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रीमाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं काळीनिळी पडली. धुरळा बसला तेव्हा माणूस एकही गेला नव्हता. आणि रस्त्याकडची भिंत तेवढी उभी होती. आमचा मोर आता आभाळाला पाठ लावून उभा होता.

एग्नातियस मुकुट घालून ढसाढसा रडत होता. हेल्वियाबाईने त्याच्या झग्याची कड धरली. "मेल्या, माझा टेकू काढलास! माझे रांजण गेले!"

तेवढ्यात फुंडानियसने घसा साफ केला. त्याची जीभ आमच्या जिन्यापेक्षा मजबूत होती. "नागरिकहो, विचार करा! आज एग्नातियसने या सर्वांना घराबाहेर बोलावलं नसतं तर?"

लोकांनी विचार केला. मग एकाने टाळी वाजवली, दुसऱ्याने वाजवली. अंगावरची धूळही न झटकता आम्ही आमचं घर पाडणाऱ्याचा जयजयकार केला. मीही केला. एग्नातियसचं रडणं हळूहळू थांबलं. नगरसभेने त्याला 'रहिवाशांचा तारणहार' ही पदवी दिली आणि ती संगमरवरात कोरून चौकात लावली.

काही महिने आम्ही दोराच्या कारखान्यात झोपलो. त्याच भिंतीला धरून नवी इमारत उठली, आता सहा मजल्यांची. हेल्वियाबाईने तिथे गाळा घ्यायचं साफ नाकारलं आणि रस्त्यापलीकडे उघड्यावर चूल मांडली. आम्ही मात्र पाचव्या मजल्यावर खोली घेतली. बंदराजवळ दुसरीकडे जागा मिळते कुठे?

पहिल्याच दिवशी प्रीमाने नव्या पांढऱ्या भिंतीवर टिचकी मारली.

"अहो, पोकळ वाजतेय."

"हळू बोल," मी म्हणालो. "शेजाऱ्यांनी ऐकलं, तर चित्रासाठी आपल्याआधी नंबर लावतील."